रांगेतील प्रतीक्षेची मर्यादा

वाट पाहणे हे माणसाच्या वाट्याला आलेले फार जुने काम आहे. परंतु वाट किती पाहावी लागेल याचे गणित मात्र अवघे शंभर-सव्वाशे वर्षांचे आहे. पाणवठ्यावर ओळीने मांडलेल्या घागरी, पिठाच्या गिरणीत नंबराने ठेवलेले डबे, रेशनच्या दुकानापुढील पिशव्यांची रांग, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील भरलेली बाके, या सर्वांमागे एकच नियम काम करीत असेल अशी कल्पना पूर्वी कोणाला सुचली नव्हती. ती सुचली डेन्मार्कमध्ये, आणि तिचे निमित्त झाले टेलिफोन. आग्नर क्रारुप एर्लांग हा गणितज्ञ १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस लागला. गावात इतके टेलिफोन असतील तर केंद्रात तारा किती ठेवाव्या, असा साधा व्यवहारी प्रश्न त्याच्यापुढे होता. तारा फार ठेवल्या तर पैसा वाया जातो. थोड्या ठेवल्या तर लोक खोळंबतात. १९०९ साली त्याने या विषयावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ साली अशी सूत्रे दिली, की त्यांचा उपयोग आजही जगभर केला जातो. रांगांच्या गणिताचा पाया तेथे घातला गेला.

एर्लांगच्या सूत्रांत दोन प्रकारची माणसे आढळतात. पहिला ग्राहक सर्व तारा गुंतलेल्या आहेत असे पाहताच क्षणभरही न थांबता निघून जातो. दुसरा ग्राहक तार मोकळी होईपर्यंत थांबून राहतो, मग त्यास पाच मिनिटे लागोत की पाच तास लागोत. एकाला धीर मुळीच नाही आणि दुसऱ्याच्या धीराला अंत नाही. गणिताच्या सोयीसाठी ही दोन टोके ठीक आहेत. परंतु प्रत्यक्षातला माणूस या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभा असतो. तो काही वेळ थांबतो, घड्याळाकडे पाहतो, पुढे किती माणसे उरली ते मोजतो आणि मग एका क्षणी रांग सोडून चालू लागतो. स्वीडनमधील कॉनी पाल्म याने १९४० नंतरच्या दशकात या अधीर ग्राहकाला गणितात प्रथम व्यवस्थित स्थान दिले. तेव्हापासून रांगेचा विचार करणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न उभा राहिला आहे: रांगेतील माणसाच्या प्रतीक्षेला मर्यादा किती धरावी, आणि ती ओलांडली गेली म्हणजे पुढे काय होते असे समजावे?

हा प्रश्न संगणकाच्या आगमनानंतर अधिक निकडीचा झाला. ज्या रांगांचे गणित कागदावर सुटत नाही, त्यांची हुबेहूब नक्कल संगणकात उभी करता येते. तिला शास्त्रीय परिभाषेत सदृशीकरण म्हणतात; व्यवहारात सिम्युलेशन हाच शब्द रूढ आहे. १९६१ साली आय. बी. एम. या कंपनीतील जेफ्री गॉर्डन याने जी. पी. एस. एस. नावाची संगणकभाषा तयार केली. त्याच दशकात ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी सिम्युला ही भाषा रचली. आज कारखाने, बंदरे, विमानतळ, रुग्णालये आणि दूरध्वनी-केंद्रे यांच्या कामाची आखणी करताना एनीलॉजिक, अरीना, सिम्युल-एट यांसारखी सॉफ्टवेअर वापरली जातात.

या सर्वांची कार्यपद्धती मुळात एकच आहे. संगणकात एक काल्पनिक घड्याळ असते आणि पुढे घडावयाच्या घटनांची एक यादी असते. अमुक वाजून अमुक मिनिटांनी नवा माणूस येईल, अमुक क्षणी खिडकीवरचे काम संपेल, अशा नोंदी त्या यादीत कालक्रमाने मांडलेल्या असतात. संगणक पहिली घटना उचलतो, घड्याळ तेथवर पुढे सरकवतो, ती घटना घडवतो आणि दुसरीकडे वळतो. अशा रीतीने कचेरीतला एक संपूर्ण दिवस काही क्षणांत घडून जातो. एकच दिवस चालवून निष्कर्ष काढणे म्हणजे एका शिताची परीक्षा अख्ख्या कोठारावर लादणे होय. म्हणून असे शेकडो दिवस चालवले जातात.

या प्रतिकृतीत रांग म्हणजे एक खोली असते. तिच्यात शिरलेला प्रत्येक जण खिडकी मोकळी होईपर्यंत तेथे राहतो. आखणी करणाऱ्याने निराळे काही सांगितले नाही, तर त्या खोलीत शिरलेला माणूस एर्लांगच्या दुसऱ्या ग्राहकासारखा, म्हणजे अमर्याद धीराचा असतो. त्याला भूक लागत नाही, त्याची शेवटची गाडी चुकत नाही, घरी आजारी मूल नसते. त्याला माणसासारखे वागावयास लावावयाचे असेल तर त्याच्या प्रतीक्षेला मर्यादा घालावी लागते. एनीलॉजिकमध्ये रांगेच्या खोलीला त्यासाठी एक वेगळे दार ठेवता येते. मुदत संपलेला माणूस त्या दाराने बाहेर पडतो. सिम्युल-एटमध्ये याच मर्यादेला मालाच्या टिकण्याच्या काळाचे, म्हणजे शेल्फ लाइफचे नाव दिले आहे. मर्यादा घालणे हे काम दिसावयास सोपे आहे. एका चौकटीत एक आकडा लिहिला की झाले. परंतु तो एक आकडा साऱ्या निष्कर्षाला कशी कलाटणी देऊ शकतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एखाद्या कचेरीत एकच खिडकी आहे असे समजावे. तेथे एका माणसाच्या कामाला सरासरी ५ मिनिटे लागतात. म्हणजे खिडकीची शक्ती ताशी १२ माणसांची आहे. लोकांचे येणे आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळ ही दोन्ही, या गणितात नेहमी धरतात तशी, अनियमित आहेत. ताशी ९ माणसे येत असतील तर प्रत्येकाला रांगेत सरासरी १५ मिनिटे थांबावे लागते. ही सरासरी झाली. सहांतील एकाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ तिष्ठत राहावे लागते. आता येणाऱ्यांची संख्या ताशी ९ वरून ११ वर गेली. वाढ फक्त दोघांची, आणि खिडकीची शक्ती अद्याप बारांची आहे. तेव्हा फारसे बिघडू नये असे कोणासही वाटेल. परंतु सरासरी प्रतीक्षा १५ मिनिटांवरून ५५ मिनिटांवर जाते आणि रांगेत सरासरी दहा माणसे उभी राहतात. खिडकीची शक्ती आणि लोकांची गर्दी यांतील अंतर जसजसे मिटत जाते, तसतशी रांग प्रमाणाबाहेर वाढत जाते, हा या शास्त्रातील पहिला धडा आहे.

या ५५ मिनिटांवर उपाय काढण्यासाठी दोन आखणीकार बसले आहेत अशी कल्पना करावी. पहिल्याने कामाची पद्धत तपासली. एकच माहिती दोन नोंदवह्यांत लिहिली जाते असे त्यास आढळले. त्याने एक नोंद काढून टाकली आणि एका माणसाचे काम ५ ऐवजी ४ मिनिटांत होऊ लागले. सरासरी प्रतीक्षा ५५ मिनिटांवरून ११ मिनिटांवर आली. दुसऱ्याने कामाच्या पद्धतीला हातच लावला नाही. त्याने प्रतिकृतीतील रांगेला ३० मिनिटांची मर्यादा घातली. म्हणजे अर्ध्या तासात ज्याची पाळी येणार नाही तो माणूस बाहेरच्या दाराने निघून जाईल असे धरले. प्रतिकृती चालवून पाहता, ज्यांचे काम झाले त्यांची सरासरी प्रतीक्षा भरली सुमारे ११ मिनिटे!

दोन्ही अहवालांत एकच आकडा आहे. परंतु पहिल्या अहवालात येणाऱ्या प्रत्येकाचे काम झाले आहे. दुसऱ्यात शंभरांतील नऊ-दहा माणसे अर्धा अर्धा तास उभी राहून रिकाम्या हातांनी परतली आहेत. आठ तासांचा दिवस आणि पंचवीस दिवसांचा महिना धरला, तर या प्रमाणाने परतणाऱ्यांची संख्या महिन्याकाठी दोनशेंच्या वर जाते. कारकून अधिक वेगाने काम करू लागला नाही, दुसरी खिडकी उघडली नाही, एकही फॉर्म कमी झाला नाही. तरी सरासरी सुधारली. ती सुधारली याचे कारण एवढेच, की ज्यांची प्रतीक्षा सर्वांत दीर्घ होती ती माणसेच हिशेबातून गळाली. रांग सोडून गेलेल्या माणसाची दुहेरी हानी होते. त्याचे काम होत नाही हे तर खरेच. पण त्याने सोसलेला खोळंबाही त्याच्याबरोबर अदृश्य होतो आणि मागे राहिलेला अहवाल त्याच्या जाण्यामुळेच अधिक उजळ दिसतो.

ही चूक पकडण्यास एक साधन हाताशी आहे. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली एक साधा नियम सिद्ध केला: रांगेतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी प्रतीक्षा. वरील दुसऱ्या प्रतिकृतीत रांगेतील माणसे मोजली तर ती सरासरी २.४ च्या आसपास भरतात. परंतु ताशी ११ माणसे आणि ११ मिनिटे यांचा गुणाकार जेमतेम २ येतो. ही तूट कोठून आली? निघून गेलेल्यांनी जी मिनिटे उभे राहून काढली ती सरासरीत धरलेली नाहीत, तेथून ती आली. ती मिनिटे धरली की सरासरी १३ वर जाते आणि हिशेब जुळतो. जो हिशेब जुळत नाही त्यात कोणी तरी गाळले गेले आहे, हे जमाखर्च तपासणाऱ्यास नवे नाही.

यावरून प्रतीक्षेला मर्यादा घालूच नये असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. मर्यादा न घालणे म्हणजे माणसाचा धीर अनंत आहे असे लिहून देणे, आणि तेही असत्यच. मर्यादा घालावी, परंतु ती कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवावे. स्थूलमानाने तिच्या तीन जाती संभवतात.

पहिली मर्यादा वस्तुधर्माची. रक्तातील प्लेटलेट सामान्यतः पाच दिवस टिकतात. त्यापुढे त्या वापरता येत नाहीत. पाणी घालून कालवलेले काँक्रीट काही काळाने घट्ट होते. मजूर कितीही असले तरी ते कोणासाठी थांबत नाही. येथे मर्यादा निसर्गाने घातलेली असते. आखणीकाराने ती नुसती लिहून घ्यावयाची आणि मुदत संपलेला माल टाकून दिला असे धरावयाचे. मात्र टाकलेल्या मालाची मोजदाद ठेवावयाची.

दुसरी मर्यादा धीराची. ही मनुष्यस्वभावातून येते, म्हणून ती सर्वांना सारखी नसते. दुपारच्या गाडीने गावी परतावयाचे आहे त्याचा धीर निराळा आणि शेजारच्या गल्लीत राहणाऱ्याचा निराळा. सर्वांना एकच ३० मिनिटांची मर्यादा लावली तर प्रतिकृतीतील माणसे कवायतीच्या पलटणीसारखी तिसाव्या मिनिटाला पाय उचलतात; म्हणून येथे एका आकड्याऐवजी लहानमोठ्या आकड्यांचा विस्तार द्यावा लागतो. शिवाय काही जण रांगेची लांबी पाहून आत शिरतच नाहीत. त्यांनाही वेगळे स्थान द्यावे लागते, कारण रांगेच्या नोंदवहीत त्यांची खूणही उरत नाही.

तिसरी मर्यादा वचनाची. कायद्याने किंवा नियमाने दिलेली मुदत या जातीत मोडते. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा ठरावीक मुदतीत देण्याची हमी देणारा कायदा देशात प्रथम केला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे. अशा कायद्यान्वये दाखला किंवा परवाना किती दिवसांत मिळावयास हवा हे अधिसूचित केले जाते. ही मुदत संपली म्हणून अर्ज नाहीसा होत नाही. उलट नागरिकाला प्रथम अपील अधिकाऱ्याकडे आणि तेथून वर जाण्याचा हक्क प्राप्त होतो. तेव्हा अशा कचेरीची प्रतिकृती तयार करताना मुदत संपलेल्या अर्जाला बाहेरचे दार दाखवणे ही घोडचूक ठरेल. त्याला अपिलाच्या रांगेत नेऊन उभे केले पाहिजे, आणि त्या रांगेतील अधिकाऱ्याचा वेळही हिशेबात धरला पाहिजे. त्याचप्रमाणे किरकोळ त्रुटीसाठी अखेरच्या दिवशी परत पाठवलेला अर्ज ज्या प्रतिकृतीत निकाली धरला जातो, ती प्रतिकृती वेळेवर काम होत असल्याचे चित्र दाखवील. पण तोच अर्ज पुढील आठवड्यात नव्या क्रमांकाने पुन्हा रांगेत उभा असेल.

तात्पर्य, मर्यादा किती यापेक्षा मर्यादेनंतर काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. महामार्ग प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांत गर्दीच्या वेळीही एका वाहनाला १० सेकंदांहून अधिक वेळ लागू नये असे म्हटले होते. आणि वाहनांची रांग १०० मीटरच्या पुढे गेली तर ती पुन्हा १०० मीटरच्या आत येईपर्यंत वाहने पथकर न घेता सोडावीत असेही सांगितले होते. त्यासाठी प्रत्येक मार्गिकेत पिवळी रेघ आखावयाची होती. पथकर माफ करण्याची ही तरतूद २०२४ साली मागे घेण्यात आली. ती योग्य होती की अयोग्य, हा निराळा वाद आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट निःसंशय होती: मर्यादा ओलांडली गेल्यास तिची किंमत कोणी द्यावयाची हे तिने स्पष्ट सांगितले होते. रांगेतील वाहनधारकाने नव्हे, तर रांग लावणाऱ्याने. ज्या मर्यादेच्या भंगाची किंमत ठरलेली नाही, ती किंमत शेवटी वाट पाहणाऱ्याच्याच माथी बसते.

धीराची मर्यादा शोधून काढावयाची कशी, हा पुढचा प्रश्न. निघून गेलेली माणसे किती मिनिटांनी गेली ते पाहून त्यांची सरासरी काढावी, असा सोपा मार्ग सुचतो. पण तो फसवा आहे. जे निघून गेले ते मुळातच कमी धीराचे होते. ज्यांची पाळी विसाव्या मिनिटाला आली त्यांचा धीर किती होता हे कोणासच कळले नाही. तो निदान वीस मिनिटांचा तरी होता एवढेच निश्चित. ही अर्धवट माहिती टाकून न देता तिचा रास्त उपयोग करण्याची रीत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. रुग्णांच्या आयुर्मानाचा अभ्यास करणारे वैद्यकीय संशोधक तिचा नित्य उपयोग करतात. रांगेतील धीर मोजण्यासही ती तितकीच उपयोगी पडते. तिचे मर्म साधे आहे. प्रत्येक मिनिटाला रांगेत अद्याप किती जण उभे होते आणि त्यांपैकी त्या मिनिटात किती निघून गेले, एवढे पाहत पुढे जावयाचे. पण त्यासाठी निघून जाणाऱ्याच्या जाण्याची वेळ कोणी तरी टिपून ठेवलेली असावी लागते. ज्या कचेरीत टोकन देण्याची वेळ नोंदली जाते आणि काम संपल्याची वेळ नोंदली जाते, परंतु पुकारूनही न आलेल्या टोकनावर नुसती काट मारली जाते, तेथे कितीही उत्तम सॉफ्टवेअर आणले तरी धीराची मर्यादा अंदाजानेच लिहावी लागेल.

मर्यादेचे घड्याळ कोठून चालू होते, हेही काळजीपूर्वक ठरवावे लागते. एका कामासाठी पाच खिडक्या फिराव्या लागत असतील आणि प्रत्येक खिडकीला ३० मिनिटांची मर्यादा असेल, तर कोणत्याही खिडकीवर मर्यादा न मोडता माणसाचे अडीच तास जाऊ शकतात. पाचही खिडक्या निर्दोष ठरतात आणि माणूस थकून जातो. घड्याळ प्रत्येक खिडकीवर शून्यापासून सुरू करावयाचे, की पहिल्या दारात पाऊल टाकल्यापासून अखंड चालू ठेवावयाचे, हे संगणक ठरवीत नाही. ते ठरवणाऱ्याला संपूर्ण प्रवास माणसाच्या बाजूने पाहावा लागतो. आणखीही काही बारकावे आहेत. पाळी आली की मुदतीचा इशारा रद्द करावा लागतो. नाही तर खिडकीवर काम चालू असलेला माणूस मध्येच अंतर्धान पावतो. मुदत संपण्याचा आणि खिडकी मोकळी होण्याचा क्षण एकच आला तर आधी कोणती घटना घडवावयाची, हेही सांगून ठेवावे लागते. विशेषतः मिनिटांच्या पूर्णांकांत चालणाऱ्या प्रतिकृतींत असे प्रसंग वारंवार येतात.

आणि एवढे सर्व करूनही मनुष्यस्वभाव उरतोच. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००० सालच्या योजनेत असे ठरवले, की अपघात व तातडीच्या विभागात आलेल्या कोणाही रुग्णाला चार तासांपेक्षा अधिक काळ राहावे लागू नये. २००४ च्या अखेरीस हे साधावयाचे होते. व्यवहारात हे प्रमाण ९८ टक्के धरले गेले आणि २०१० साली ते ९५ टक्क्यांवर आणले गेले. या नियमाने प्रतीक्षा पुष्कळ कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु रुग्ण विभागातून किती वेळाने बाहेर पडले याचा आलेख मांडला तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. चार तास पूर्ण होण्याच्या अगदी आधीच्या काही मिनिटांत बाहेर जाणाऱ्यांचे एक उंच शिखर उभे होते. आजार घड्याळ पाहून बरे होत नाहीत. घड्याळ पाहत होते ते व्यवस्थेतील लोक. म्हणजे मर्यादा ही नुसती मोजपट्टी राहत नाही. ती लावताच मोजल्या जाणाऱ्यांचे वागणे बदलते. ज्या प्रतिकृतीत कारकून मुदतीच्या पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी सारख्याच गतीने काम करतो, तिला हे शिखर कधीही दिसणार नाही.

मग या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे विचारता येईल. उपयोग असा, की निर्णय घेण्यापूर्वी पर्याय शेजारी शेजारी मांडून पाहता येतात. वरील कचेरीत तेवढ्याच शक्तीची दुसरी खिडकी उघडली तर सरासरी प्रतीक्षा सुमारे ८० सेकंदांवर येते आणि रांग सोडून जाण्याचे कोणाला कारणच उरत नाही. मात्र दोन्ही कारकून निम्म्याहून अधिक वेळ मोकळे बसलेले दिसतात, आणि खर्चाकडे पाहणाऱ्याला ते खुपते. नोंद कमी करून एक मिनिट वाचवले तर ११ मिनिटांत काम भागते आणि खर्चही वाढत नाही. काहीच न केले तरी ११ मिनिटांचाच आकडा मिळतो, परंतु महिन्याला दोनशे माणसांच्या मोबदल्यात. शिवाय ही दोनशे माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा आली तर येणाऱ्यांची संख्या ११ वर थांबणार नाही आणि परतणाऱ्यांची संख्या आणखी वाढेल. मोकळ्या कारकुनाचा पगार अंदाजपत्रकात दिसतो. परत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. ती दिसावी अशी व्यवस्था प्रतिकृतीत करता येते, हाच या साधनाचा मोठा गुण आहे.

म्हणून प्रतीक्षेची मर्यादा घातलेल्या कोणत्याही प्रतिकृतीच्या अहवालात निदान तीन आकडे एकत्र मांडलेले असावेत: काम झालेल्यांनी सरासरी किती वाट पाहिली, काम न होता किती जण गेले, आणि जाण्यापूर्वी त्यांनी किती वाट पाहिली. पहिला आकडा एकटा आला तर पुढच्या दोहोंची मागणी करावी. त्यासाठी गणिताचे विशेष ज्ञान लागत नाही. रांगेच्या खोलीला दुसरे दार आहे आणि त्या दाराशीही कोणी तरी मोजणी करीत बसले पाहिजे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. एर्लांगने तारा मोजल्या त्या लोक खोळंबू नयेत म्हणून. त्याच्या शास्त्राचा उपयोग खोळंबलेले लोक हिशेबातून वगळण्याकडे होऊ नये, ही दक्षता मात्र आकडे वाचणाऱ्यांनीच घ्यावयाची आहे.